सदाफुलीची पानं, रक्ताचा कर्करोग आणि शंभर नॅनोमीटरची कुपी



आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त आहे, पण त्याला घाबरण्याचं कारण नाही. मी डॉक्टर नाही, म्हणजे औषध देणारा डॉक्टर नाही, आणि रसायनशास्त्रज्ञ तर नाहीच. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. मला रस आहे तो एका साध्या प्रश्नात. ‘शोध लागला’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं? वनस्पतीतलं एखादं द्रव्य काढायचं, ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कुपीत भरायचं आणि रक्ताच्या कर्करोगावर सोडायचं, हा आजचा मोठा संशोधनाचा विषय आहे. या प्रश्नाचा विचार करायला इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

दुसरंही एक कारण आहे. सदाफुलीची इतकी पानं रोज सकाळी चावून खा, साखर पळते, कॅन्सर पळतो, असा निरोप तुमच्याप्रमाणे माझ्याही फोनवर येतो. पाठवणारी माणसं वाईट नसतात. त्यात खऱ्याचा एक तुकडा असतो आणि म्हणूनच तो निरोप धोक्याचा आहे. तो तुकडा कुठून आला, हे आज बघू.

सदाफुली आपल्या अंगणात इतकी रुळली आहे की ती परकी आहे हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. कुंडीत, गटाराच्या कडेला, भिंतीच्या फटीत, कुठेही येते. पण ती मूळची मादागास्करची. अठराव्या शतकात तिचं बी पॅरिसच्या राजेशाही बागेत पोचलं, तिथून लंडनजवळच्या चेल्सीच्या औषधी बागेत गेलं, आणि 1759 मध्ये लिनिअसने तिचं ‘विंका रोझिया’ असं नामकरण केलं. आजचं शास्त्रीय नाव ‘कॅथरँथस रोझियस’. युरोपीय जहाजांबरोबर ती जगभर पसरली. म्हणजे चरक-सुश्रुतांना ही वनस्पती माहीत असणं शक्यच नव्हतं. ‘आपल्या ऋषीमुनींना हे ठाऊक होतं’ हे वाक्य निदान सदाफुलीपुरतं तरी आपण बाजूला ठेवू या.

मात्र ती जिथे गेली तिथे लोकांनी तिचा काढा करून पाहिला. जमैकात, फिलिपाइन्समध्ये आणि इतरही काही ठिकाणी तो मधुमेहावर म्हणून प्यायला जाई. रक्ताच्या कर्करोगावर, हे लक्षात ठेवा, कुठेही नाही.

आता कॅनडात चला. 1921 चा उन्हाळा. टोरांटोमध्ये बँटिंगला इन्शुलिनच्या प्रयोगांसाठी मदतनीस हवा होता. दोन विद्यार्थी उपलब्ध होते, चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. पहिली पाळी कोणाची, यासाठी नाणं उडवलं. बेस्ट जिंकला. मध्यावर नोबलने जागा घ्यायची असं ठरलं होतं, पण काम रंगात आलं होतं, बेस्टच राहिला, आणि इन्शुलिनच्या इतिहासात ‘बँटिंग आणि बेस्ट’ ही जोडी अमर झाली. क्लार्क नोबल मात्र तळटीपेत गेला.

तीस वर्षं लोटली. 1952 मध्ये क्लार्क नोबलच्या हाती जमैकाहून एक पाकीट पडलं. तिथल्या एका डॉक्टरने पाठवलेलं. आत सदाफुलीची पंचवीस पानं. म्हणणं असं, की इन्शुलिन मिळत नाही तेव्हा इथले लोक याचा काढा पितात, काही तथ्य आहे का पाहा. क्लार्क तोवर निवृत्त झाला होता. त्याने ती पानं धाकट्या भावाकडे, रॉबर्ट नोबलकडे पाठवून दिली. रॉबर्ट ऑन्टॅरिओतल्या लंडन शहरात, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करत होता.

रॉबर्टने उंदरांना तो अर्क पाजला. साखरेवर परिणाम शून्य. खरं म्हणजे इथे गोष्ट संपायला हवी होती. ‘लोकसमजूत तपासली, निराधार निघाली’ असं वहीत लिहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. पण त्याने अर्क टोचूनही पाहिला. टोचलेले उंदीर काही दिवसांत मेले, आणि तेही साखर घटून नव्हे. त्यांच्या अंगात जंतुसंसर्ग पसरला होता. निरोगी उंदीर ज्या जंतूंना सहज परतवतो, त्यांनी यांना मारलं. का? रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ गायब. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला तो कारखाना, बंद पडलेला.

आपल्याकडे दोन न्याय सांगतात. एक काकतालीय न्याय. कावळा ताडावर बसायला आणि ताडफळ पडायला एकच गाठ, म्हणजे निव्वळ योगायोग. दुसरा घुणाक्षर न्याय. किडा लाकूड पोखरतो आणि त्या पोखरण्यातून अवचित एखादं अक्षर उमटतं. विज्ञानातल्या योगायोगांबद्दल बोलताना आपण सगळं पहिल्या न्यायात ढकलतो. मला दुसरा जास्त उपयोगाचा वाटतो, कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. अक्षर उमटलं खरं, पण ते अक्षर आहे हे ओळखणार कोण? किड्याला वाचता येत नाही. मेलेले उंदीर शेकडो प्रयोगशाळांतून रोज फेकले जात होते. ‘पांढऱ्या पेशी मारणारं विष’ आणि ‘पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याचा रोग’ ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवायला रॉबर्ट नोबल लागला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1958 मध्ये हे काम प्रसिद्ध केलं, तेव्हा शीर्षकातच ‘योगायोगाने झालेल्या निरीक्षणांची भूमिका’ असे शब्द घातले. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

ओळखणं पुरेसं नसतं, काढावंही लागतं. ते केलं चार्ल्स बीअर या ऑक्सफर्डहून आलेल्या रसायनशास्त्रज्ञाने. शेकडो किलो वाळलेली पानं, आणि त्यातून हाती लागणार एखादा ग्रॅम. बीअरने वेगळं केलेलं ते द्रव्य म्हणजे व्हिनब्लास्टिन. त्याच सुमाराला अमेरिकेत एलाय लिली या कंपनीत गॉर्डन स्व्होबोडा वनस्पतींची चाळणी करत होता. मधुमेहावरच्या लोकऔषधांच्या नोंदी वाचून त्यानेही सदाफुली यादीत घातली होती. त्यांच्या चाचणीत ल्युकेमिया झालेले उंदीर या अर्काने जास्त जगले. दोन्ही गट वेगवेगळ्या वाटांनी एकाच झुडपापाशी आले, आणि पुढे त्यांनी सहकार्य केलं. लिलीच्या प्रयोगशाळेत आणखी एक द्रव्य निघालं, व्हिनक्रिस्टिन. 1963 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन यांत फरक किती? एवढ्या थोरल्या रेणूत एका नायट्रोजनवर एकीकडे मिथाइल, तर दुसरीकडे फॉर्माइल. वाड्याच्या एका खिडकीला वेगळी कडी लावावी इतकाच. पण व्हिनब्लास्टिन हॉजकिनच्या लिम्फोमावर चालतं आणि लहान मुलांच्या ल्युकेमियावर चालतं ते व्हिनक्रिस्टिन. पानं चावून कॅन्सर बरा करू पाहणाऱ्यांना मी हेच विचारतो. पानात ही दोन्ही आहेत, आणि त्यांच्या बरोबरीची शंभराहून अधिक अल्कलॉइडं आहेत. तुमच्या तोंडात यातलं कोणतं, किती गेलं? ‘वनस्पतीतून मिळालेलं औषध’ आणि ‘औषधी वनस्पती’ हे दोन पदार्थ आहेत. नावात एक शब्द समान असल्याने ते एक होत नाहीत.

आता जरा मागे जाऊ. व्हिनक्रिस्टिन आलं तेव्हा मुलांच्या ल्युकेमियाची स्थिती काय होती? या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईच्या गिरणगावातून जातो, आणि तो आपल्यालाच माहीत नसतो.

1928 च्या सुमारास लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर बाई मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाले. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी एक गंभीर पंडुरोग होई, आणि त्यात बायका दगावत. लोह देऊन भागत नव्हतं. विल्सबाईंनी या बायकांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि शेवटी गुण आला तो मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त, खारट अर्काने. ब्रिटनमध्ये पावाला लावून खातात ते मार्माइट. त्यांनी 1931 मध्ये हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधल्या त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. पुढे तो फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईला ती गोळी मिळते. परळ-लालबागच्या कामगार बायकांच्या रक्तावरून हे ज्ञान उभं आहे. त्यांची नावं कुठेही नाहीत.

1940 च्या दशकात अमेरिकेत लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केलं. हे सुब्बाराव भीमावरमचे. त्यांची वेगळी दोन तासांची गोष्ट आहे, आज नको. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर या डॉक्टरने विचार केला की पंडुरोगात रक्त सुधारणारं हे द्रव्य ल्युकेमियातही उपयोगी पडेल. त्याने दिलं, आणि रोग बळावला असं त्याला दिसलं. आता इथे फार्बरचं तर्कशास्त्र बघा. अन्वय दिसला, आता व्यतिरेक तपासू. जे दिल्याने रोग वाढतो, ते काढून घेतलं तर? सुब्बारावांच्या गटाने फॉलिक आम्लासारखं दिसणारं पण त्याचं काम अडवणारं द्रव्य बनवून दिलं, अमिनोप्टेरिन. 1948 मध्ये फार्बरने निष्कर्ष छापले. 16 मुलांपैकी 10 मुलांत सुधारणा. खाटेला खिळलेली मुलं उठून खेळू लागली. ती सुधारणा टिकली नाही. पण त्याआधी या रोगात काहीही होत नसे. सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

एक एक औषध आलं. अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट, गर्ट्रूड एलियन यांचं 6-मर्कॅप्टोप्युरिन, प्रेडनिसोन. प्रत्येकाने रोग हटे आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत येई. मग व्हिनक्रिस्टिन आलं आणि त्याची एक खासियत लक्षात आली. बाकीची औषधं कर्करोगाबरोबर चांगली मज्जाही झोडपतात, आणि हे मज्जेला त्या मानाने कमी दुखावतं. आता तुम्ही म्हणाल, सर, आत्ताच तर म्हणालात उंदरांची मज्जा बंद पडली. बरोबर आहे. तो अख्खा अर्क होता आणि त्यात व्हिनब्लास्टिन होतं, मज्जेवर वार करणारं ते. त्या एका कडीचा फरक हा असा. त्यामुळे व्हिनक्रिस्टिन इतरांच्या जोडीने देता येतं. फ्राय आणि फ्रायराइक या दोन डॉक्टरांनी 1962 च्या सुमारास चारही औषधं एकदम द्यायचं धाडस केलं. सहकाऱ्यांनी त्यांना क्रूर ठरवलं. मेम्फिसमध्ये डोनाल्ड पिंकेलने त्यात मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या उपचारांची भर घातली, आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. आज प्रगत देशांत मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात दहातली नऊच्या आसपास मुलं जगतात. आपल्याकडे आकडा त्याहून कमी आहे. त्याचं एक मोठं कारण असं, की दोन-अडीच वर्षं चालणारे उपचार पैशाअभावी, अंतराअभावी किंवा दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून मध्येच सोडले जातात. त्या पानांच्या निरोपाचा मला राग येतो तो यासाठी. बरा होण्याजोगा रोग आहे हा.

बरं, व्हिनक्रिस्टिन करतं काय? पेशी दुभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून न्यायला सूक्ष्म नळ्यांचं जाळं तयार होतं. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकमेकींवर रचून या नळ्या होतात. व्हिनक्रिस्टिन त्या विटांना चिकटतं, रचना होऊ देत नाही. पेशी दुभागण्याच्या अर्ध्या वाटेवर अडकते आणि मरते. पण याच नळ्या मज्जातंतूंत रुळांसारख्या असतात. त्यांच्यावरून माल वाहून नेला जातो. आणि शरीरातले सगळ्यात लांब तंतू कुठे जातात? पायाच्या बोटांपर्यंत. म्हणून या औषधाने आधी बोटांना मुंग्या येतात, बधिरता येते, पाऊल उचलत नाही, मूल पाय घासत चालतं, बद्धकोष्ठ होतो. म्हणून मात्रेवर बंधन आलं. बहुतेक ठिकाणी एका वेळी 2 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. म्हणजे कर्करोग आणखी मात्रा मागतो आणि पाय नको म्हणतात.

कुपीची कल्पना येते ती इथे.

1961 मध्ये केंब्रिजजवळ बॅब्रम इथे अ‍ॅलेक बँगहॅम हा रक्ताचा अभ्यास करणारा डॉक्टर नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्निग्ध द्रव्यं पाहत होता. अंड्याच्या बलकात असतं तसलं लेसिथिन पाण्यात घातलं की आपोआप पडद्यांचे बारीक फुगे बनतात, आणि फुग्याच्या पोटात पाणी कोंडलं जातं, हे त्याला दिसलं. पेशीच्या आवरणासारखंच. पुढे याला ‘लायपोसोम’ नाव पडलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेगरी ग्रेगोरिआडिस याने या फुग्यात औषध भरून पाठवायची कल्पना मांडली. दुसऱ्या बाजूने झुरिकमध्ये पीटर स्पायझर आणि मग पॅट्रिक कूव्हरर यांनी प्लास्टिकच्या जातकुळीतल्या पॉलिमरांचे कण करायला घेतले. ‘नॅनोकॅप्सूल’ हा शब्द 1977 मधल्या त्यांच्या एका निबंधाच्या शीर्षकात आहे. काटेकोरपणे, नॅनोकॅप्सूल म्हणजे आत तेलाचा किंवा पाण्याचा थेंब आणि बाहेर पॉलिमरचं कवच. लायपोसोम वेगळा. पण दोहोंमागचा विचार एकच आहे. आकार साधारण शंभर नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

आता मी जरा तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाच्या सवयीने अडवणूक करणार आहे. कुपी कशासाठी? ‘औषध थेट कर्करोगापर्यंत पोचतं’ असं उत्तर सगळीकडे छापलेलं असतं. या उत्तराचा आधार 1986 मधला माएदा आणि मात्सुमुरा या जपानी शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, गळक्या असतात. म्हणून मोठे कण तिथे पाझरतात आणि साचतात. ठीक. पण ल्युकेमियात गाठ कुठे आहे? तो रक्तात आणि मज्जेत पसरलेला रोग आहे. त्याला पत्ता नाही, मग ‘थेट पोचणं’ म्हणजे काय? वर्तमानपत्रं हा प्रश्न विचारत नाहीत. संशोधन निबंधांच्या प्रस्तावनाही पुष्कळदा विचारत नाहीत, आणि ते मला खटकतं.

व्हिनक्रिस्टिनच्या बाबतीत कुपीला खरं कारण होतं, ते वेगळं. हे औषध दुभागणाऱ्या पेशीलाच मारतं. सगळ्या पेशी एकाच वेळी दुभागत नाहीत. साधं इंजेक्शन दिलं की औषध रक्तातून झपाट्याने निघून ऊतींत शिरतं. ते फुग्यात कोंडून हळूहळू सोडलं तर पेशी दुभागायला येईल तेव्हा औषध तिथे हजर असेल. म्हणजे पत्त्यावर पोचण्यापेक्षा वाट पाहत थांबण्याला इथे महत्त्व. हे काम झालं कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरमध्ये, पीटर कलिस, मार्सेल बॅली, लॉरेन्स मेयर यांच्याकडे. आणि गंमत बघा, 1960 मध्ये नोबल आणि बीअर दोघेही ऑन्टॅरिओ सोडून याच व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आले होते! हा मात्र निखळ काकतालीय न्याय.

औषध फुग्यात शिरवायची त्यांची युक्ती सुंदर होती. फुग्याच्या आत आम्ल, बाहेर नाही. बाहेरचा व्हिनक्रिस्टिनचा रेणू विद्युतभार नसताना पडद्यातून सहज आत सरकतो. आत आम्लामुळे त्याला भार चिकटतो, आणि भार चिकटलेला रेणू पडद्यातून परत निघू शकत नाही. चक्रव्यूहच म्हणा. आत शिरणं सोपं, बाहेर येणं कठीण. पडदा गळू नये म्हणून त्यांनी स्फिंगोमायलिन आणि कोलेस्टेरॉल वापरलं.

हे औषध ‘मार्किबो’ नावाने ऑगस्ट 2012 मध्ये अमेरिकेत मान्य झालं, ज्या प्रौढ रुग्णांचा रोग दोनदा किंवा अधिक वेळा उलटला आहे त्यांच्यासाठी. 2 मिलिग्रॅमची ती मर्यादा ओलांडता आली, हे खरं. मान्यतेमागच्या अभ्यासात 65 रुग्ण होते, त्यांतल्या 10 जणांत रोग हटला. ज्यांना काहीच उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी ते थोडं नव्हे. पण पायांच्या तंतूंचा त्रास काही नाहीसा झाला नाही. आणि औषध तयार करण्याची तऱ्हा अशी, की रुग्णालयातल्या औषधनिर्मात्याने तीन कुप्या घ्यायच्या, 65 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या, थंड करायच्या, सगळं मिळून तास-दीड तास. मान्यता सशर्त होती. फायदा पक्का करून दाखवणारा पुढचा अभ्यास व्हायला हवा होता, तो पूर्ण झाला नाही. 2022 मध्ये मान्यता मागे घेतली गेली.

म्हणजे अपयश? मी तसं म्हणणार नाही. त्याच व्हँकुव्हरच्या परंपरेतून मेयर यांच्या कंपनीने दोन औषधं ठरावीक प्रमाणात एका फुग्यात कोंडली. 2017 मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या एका कठीण प्रकारासाठी ते औषध मान्य झालं. 309 वयस्क रुग्णांच्या अभ्यासात मध्यम आयुर्मान सहा महिन्यांच्या जवळून साडेनऊच्या पुढे गेलं. आणि कलिस यांच्या स्निग्ध कणांतून पुढे कोरोनाची एमआरएनए लस आली, ती तर सर्वांना ठाऊक आहे. कुपी शिकली ती सदाफुलीवर, कामी आली दुसरीकडे.

भारतात काय? व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन इथेच बनवण्याचं तंत्र 1980 च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने सिप्लाने उभं केलं. वर्तमानपत्रांत याची फार चर्चा झाली नाही. हळदीची झाली. हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं, माशेलकरांच्या नेतृत्वाखाली ते आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करवलं, आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्या होत्या. पण त्याच हळदीतलं कर्क्युमिन आज नॅनोकुप्यांत भरून ल्युकेमियाच्या पेशींवर घालण्याचे असंख्य प्रयोग होतात. तिथे मला हात आखडावासा वाटतो. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून शोषलं जात नाही, रक्तात टिकत नाही. म्हणून कुपी हवी, हे ठीक. पण 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने दाखवून दिलं की हा रेणू प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनाच फसवतो. चाचणीत इतक्या गोष्टींना चिकटतो की सगळीकडे ‘परिणाम आहे’ असं उत्तर येतं. काचेच्या बशीतली पेशी पुष्कळ गोष्टींनी मरते. व्हिनक्रिस्टिनचं तसं नव्हतं. आधी उघडं औषध मुलांवर सिद्ध झालं, मग पन्नास वर्षांनी त्याला कुपी मिळाली. कर्क्युमिनमध्ये आपण कुपी आधी केली आहे आणि आतलं औषध आहे का, हे नंतर विचारतो आहोत.

ऋणाचा प्रश्न राहिला. मादागास्करला या औषधांच्या नफ्यातून काही मिळालं नाही, अशी तक्रार जैवविविधतेच्या चर्चांत वारंवार होते, आणि तिच्यात तथ्य आहे. पण मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण द्यायचो ते ते सोपं नाही म्हणून. झाड मादागास्करचं. पानं जमैकाची. काढा मधुमेहाचा, तोही चुकीचा निघाला. कर्करोगाचं ज्ञान कोणत्याच लोकपरंपरेत नव्हतं. मग देणं कोणाचं लागतं? हळदीच्या वेळी आपण ‘आम्हाला हे आधीच माहीत होतं’ या मुद्द्यावर जिंकलो. इथे तो मुद्दा लागूच होत नाही. तरी जमैकातल्या कोणा अनाम आजीने काढा केला नसता तर पाकीट आलं नसतं. माहितीचा मोबदला देता येतो, पण बरोबर ठिकाणी नेणाऱ्या चुकीच्या माहितीचा मोबदला कसा मोजायचा? माझ्याकडे याचं समाधानकारक उत्तर नाही. एवढंच म्हणतो की ‘कोणाचंच नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

शेवटी दोन गोष्टी, वेळ संपत आली आहे.

ल्युकेमियाच्या मुलांना काही औषधं शिरेतून देतात, तर मेथोट्रेक्सेटसारखी काही पाठीच्या कण्यातून. व्हिनक्रिस्टिन फक्त शिरेतून. चुकून कण्यात गेलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही. दोन्ही औषधं एकाच दिवशी, सारख्या दिसणाऱ्या सिरिंजांत भरून ठेवलेली, अशा परिस्थितीत जगभर अनेक मृत्यू झाले. उपाय काय सापडला? व्हिनक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरायचंच नाही, सलाइनच्या छोट्या पिशवीत द्यायचं. पिशवी कोणी कण्याच्या सुईला जोडणार नाही. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी सूचना काढली. या औषधाच्या इतिहासातली ही सर्वांत स्वस्त कुपी, आणि तिच्यावर कोणी प्रबंध लिहीत नाही.

दुसरी गोष्ट. 2019 मध्ये अमेरिकेत साध्या व्हिनक्रिस्टिनचा तुटवडा पडला. दोन उत्पादक होते, एकाने बनवणं थांबवलं, दुसऱ्याचा पुरवठा अडखळला. औषध जुनं, स्वस्त, नफा कमी. मुलांचे डॉक्टर कोणाला पूर्ण मात्रा द्यायची आणि कोणाची थांबवायची, याच्या याद्या करत बसले. त्या वेळी कुपीतलं महागडं व्हिनक्रिस्टिन बाजारात मान्यताप्राप्त होतं.

आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याची, म्हणजे अमृताच्या झाडाची आणि त्यातल्या कॅम्प्टोथेसिनची गोष्ट आज राहिली. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी त्या द्रव्याच्या शोधात होते, आणि त्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या तुम्ही वाचता. ती पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा, फक्त कोणती पानं खाऊ हे विचारू नका.